तीन सप्तकं खाली

अडतिसाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस आपल्याकडे लोकांच्या पचनी पडत नाही. साठीला निवृत्त झालात तर शाल मिळते, पंचविशीत नोकरी सुटली तर सल्ले मिळतात. पण डोक्यावर केस शाबूत असताना पेन्शन घेतलेला माणूस सकाळी दहा वाजता वाण्याच्या दुकानात उभा दिसला, की वाणी साखर बांधता बांधता हळूच विचारतो, "तब्येत बरी आहे ना?" हवाई दलात अठराव्या वर्षी भरती होऊन वीस वर्षांचा करार पुरा केला की माणूस नेमका याच वयात बाहेर पडतो. हे मी सुरुवातीला सगळ्यांना समजावून सांगत असे. आता "बरी आहे" म्हणतो आणि साखर घेऊन घरी येतो.

गावाकडे ही अडचण नाही. तिथं सगळ्यांचं मत पक्कं आहे: हा विमान चालवायचा. एकदा चुलत्यांना नीट सांगायला बसलो की मी चालवत नव्हतो, विमानातला रेडिओ दुरुस्त करायचो. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे पायलटला गाणी लावून द्यायचास?" तेव्हापासून मी पुन्हा विमान चालवू लागलो आहे.

ज्या मिग-२१ वर माझी उमेदीची वर्षं गेली, ते विमान १९६३ साली हवाई दलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मोठ्या समारंभाने निवृत्त झालं. बासष्ट वर्षं नोकरी! त्याच्या निरोपाला देशभरातून लोक गेले, वैमानिकांचे डोळे पाणावले. मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते पाच मिनिटं पुढे जातं आणि मी ते मुद्दाम दुरुस्त करत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुठलं यंत्र बिघडलेलं असूनही माझ्यावर कुणी ओरडत नाही, त्याचा आनंद वेगळाच.

कामाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं रडगाणं वाटेल. बेळगावजवळ सांब्र्याला कवायत शिकवतात आणि बंगळूरच्या जालहळ्ळीला इलेक्ट्रॉनिक्स. सांब्र्याला कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरांची जरा चैन, कारण बाजारात मराठी चालते. जालहळ्ळीला सगळे सारखेच परके. तिथून रेडिओ फिटर होऊन बाहेर पडलो आणि थेट रशियन विमानापुढे उभा राहिलो. कॉकपिट आतून निळसर हिरवं, आणि बटणांखाली असली अक्षरं की इंग्रजी पी दिसला तर र वाचायचा, एच दिसला तर न. वर्षभरात सवय झाली. सुट्टीवर आलो की एसटीवरचा इंग्रजी बोर्ड वाचतानाही क्षणभर अडखळायचो.

विमानातली वीजसुद्धा घरच्यासारखी नसते. घरी २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. विमानात ११५ व्होल्ट आणि ४०० हर्ट्झ. वारंवारिता वाढवली की ट्रान्सफॉर्मरला आणि मोटरला लोखंड कमी लागतं, आणि जे विमान वजनाच्या एकेका किलोवर भांडतं त्याला ते परवडतं. या ४०० हर्ट्झचा एक बारीक, उंच गुणगुणाट असतो. हँगरमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला तो तानपुऱ्यासारखा कानात बसतो. चालू असला तर ऐकू येत नाही, बंद पडला तर दचकायला होतं.

पण खरं शिक्षण विजेचं नव्हतं, अवजारांचं होतं. आमच्या अवजारांचा एक फळा असे, शॅडो बोर्ड. प्रत्येक पान्याची, पक्कडीची, स्क्रूड्रायव्हरची आकृती त्यावर रंगवलेली. काम संपलं की जो तो आपापल्या आकृतीत जाऊन बसला पाहिजे. एक आकृती रिकामी राहिली तर विमान उडत नाही. विमानात राहिलेला पाना हवेत कुठल्या दांड्याखाली जाऊन अडकेल आणि कुणाचा जीव घेईल याचा नेम नाही. त्यामुळे राजस्थानातल्या उत्तरलाईच्या मे महिन्यात, जिथं विमानाच्या पत्र्याला हात लावला तर कातडं सोलून निघेल, अशा दुपारी अख्खी पाळी एका स्क्रूड्रायव्हरच्या टोकासाठी जमिनीवर पालथी पडलेली मी पाहिली आहे. ते टोक शेवटी एका कॉर्पोरलच्या ओव्हरऑलच्या मागच्या खिशात सापडलं. त्याला कुणी शिवी दिली नाही. वॉरंट साहेब फक्त त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यानं त्याचं पुढचं सगळं आयुष्य सुधारलं.

आणि मग सही. फॉर्म ७०० नावाचं एक बाड प्रत्येक विमानाचं असतं. काय बिघडलं, कुणी उघडलं, कुणी बंद केलं, कुणी तपासलं, सगळं त्यात. मी काम केलं की माझी सही, वरच्याने पाहिलं की त्याची सही, आणि शेवटी वैमानिक ते पान वाचून सही करतो आणि शिडी चढतो. ज्या माणसाला मी जेमतेम ओळखतो तो माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून आभाळात जातो. एवढी किंमत माझ्या सहीला पुढे बँकेनेही दिली नाही. तिथं दोनदा जुळली नाही म्हणून चेक परत आला.

सुटण्याआधी पुनर्वसन महासंचालनालयातर्फे प्रशिक्षण मिळतं. त्यात बायोडेटा लिहायला शिकवतात. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "तुम्ही काय केलंत ते लिहू नका. त्यांना काय हवंय ते लिहा." मी लिहिलं होतं, विमानाचे रेडिओ आणि आपलं-परकं ओळखणाऱ्या यंत्रणा दुरुस्त केल्या. त्यांनी त्याचं असं काही केलं, की त्यात मी माणसं घडवत होतो, प्रक्रिया सुधारत होतो, खर्च वाचवत होतो आणि या सगळ्यातून वेळ मिळालाच तर नेतृत्वही करत होतो. घरी येऊन मी ते दोनदा वाचलं. त्या माणसाला एकदा भेटावं असं फार वाटलं.

मुलाखतीला चाकणच्या एका कारखान्यात गेलो. समोर एक हसतमुख मुलगी होती, माझ्या नोकरीपेक्षा वयाने थोडीशी मोठी. तिनं विचारलं, "सर, तुमचा सगळ्यात मोठा वीक पॉइंट कोणता?" आमच्याकडे माणसाच्या उणिवा वर्षाच्या शेवटी त्याचा वरचा अधिकारी लिहितो. त्या ज्याच्या त्याला विचारण्याची पद्धत नाही. तो स्वतःच सांगू लागला तर अधिकाऱ्याला काम काय उरलं? मी हे सांगितलं. तिनं पुढचा प्रश्न घेतला. पाच वर्षांनी मी स्वतःला कुठे पाहतो? म्हटलं, "पोस्टिंग येईल तिथं." ती हसली आणि काहीतरी लिहून घेतलं. आमच्या खात्यात हसून लिहून घेतलं की समजायचं, गेलं. नंतर कळवण्यात आलं, की त्या जागेसाठी मी फ्रेशर ठरतो, आणि फ्रेशर म्हणून माझं वय जास्त आहे.

बरोबरीने सुटलेल्यांचे मार्ग वेगवेगळे झाले. कोल्हापूरचा एक मित्र सरळ बँकेत गेला. सार्वजनिक बँकांत 'क' गटाच्या जागांमध्ये माजी सैनिकांना साडेचौदा टक्के आरक्षण आहे, आणि आमची पुष्कळ मंडळी तोच मार्ग धरतात. रडारची नस जाणणारा माणूस पेन्शनर लोकांची पासबुकं छापायला बसला. तो म्हणतो, काम सोपं आहे, फक्त यूपीएस बिघडला की शाखाधिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सगळे मान वळवून त्याच्याकडे बघतात. त्याने काउंटरवरून उठायचं नाही असं मनोमन ठरवलेलं असतं. मग यूपीएस पुन्हा एकदा केविलवाणं कण्हतो आणि हा उठतो. दुसरा मित्र लिफ्टच्या धंद्यात गेला. त्याच्या वाट्याला आलेली प्रत्येक लिफ्ट दर सहा महिन्यांनी अशी तपासली जाते, जणू तिला दहा हजार मीटरवर जायचं आहे. सोसायट्या कंत्राट वाढवत नाहीत, महाग पडतं म्हणतात. पण अडकत मात्र कुणी नाही.

तिसऱ्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, आणि पुण्याचं प्रवासी विमानतळही तिच्यावरच चालतं. २००२ साली सुखोई-३० एमकेआय तिथंच आली. सुखोई उतरत असली की प्रवासी विमान रांगेत उभं असतं आणि आतले लोक घड्याळ बघून एअरलाइनला नावं ठेवतात. या मित्राला हवाई दल सोडून त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानांच्या बाजूला जायचं होतं. अंतर म्हणाल तर पायी जाण्यासारखं. त्याला ते पार करायला काही वर्षं लागली.

कारण नागरी विमानावर सही करायची तर डीजीसीएचा परवाना लागतो, आणि आमच्या कामाचा म्हणजे एव्हिऑनिक्सचा परवाना बी-टू प्रकारात मोडतो. लष्करातला अनुभव ते धरतात, पण त्याला नागरी विमानांवरच्या अनुभवाची जोड हवी असते. आणि परीक्षा तर सगळ्यांना सारख्याच. गणित, पदार्थविज्ञान, डिजिटल, विमानवाहतुकीचे कायदे. चाळिशीचा हा गडी विशीतल्या पोरांमध्ये जाऊन बसला. पोरं त्याला 'अंकल' म्हणत आणि कनेक्टरमधली पिन काढायची असली की त्याच्याकडे येत. परीक्षेत मानवी घटक नावाचा एक विषय असतो. घाई, थकवा, अर्धवट झोप, पाळी बदलताना न सांगितलेली गोष्ट, या सगळ्यांनी माणूस कशा चुका करतो त्याचे प्रश्न, पर्यायांसकट. बाहेर येऊन तो म्हणाला, "हा पेपर मी वीस वर्षं देत होतो. फक्त पर्याय आज पाहिले."

मग पहिली नोकरी, आणि पहिल्या रात्री काम काय, तर एका चोवीस वर्षांच्या परवानाधारक इंजिनियरला टॉर्च धरायचा. तो इंजिनियर प्रवासी विमानाचा ट्रान्सपॉन्डर बघत होता. ट्रान्सपॉन्डर म्हणजे आपलं-परकं ओळखणाऱ्या आमच्या आयएफएफचा नागरी चुलतभाऊ. दोघांनाही जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर विचारतात आणि दोघंही १०९० वर उत्तर देतात. फरक प्रश्नात आहे. लष्करात विचारतात, आपला की परका? नागरी विमानाला विचारतात, नंबर काय आणि उंची किती? मित्र सांगत होता, टॉर्च धरल्या धरल्या त्याला एकदम हलकं वाटलं. या विमानाला कुणीही परकं म्हणणार नव्हतं, फार तर उशिरा आलेलं म्हटलं असतं. आता तोही सही करतो, आणि त्याला टॉर्च धरायला एक पोरगा आहे. टॉर्च हलला की तो वॉरंट साहेबांसारखा नुसता बघतो.

माझं म्हणाल तर मी पुण्यातल्या एका रुग्णालयात लागलो. ईसीजी, मॉनिटर, सक्शन मशीन, इन्फ्यूजन पंप, जे जे पेशंटच्या आसपास चालू असतं आणि अधूनमधून चालत नाही, ते माझ्याकडे. विमान आणि रुग्णालय यांत मला फारसा फरक जाणवला नाही. दोन्हीकडे बिघाड सांगणारा माणूस गडबडीत असतो आणि त्याचं वाक्य एकच असतं: "मधूनमधून होतं." वैमानिक म्हणायचा, वळताना होतं, खाली उतरलो की होत नाही. सिस्टर म्हणतात, रात्रपाळीला होतं, तुम्ही आलात की होत नाही. विमानाला निदान वळवून बघता येत होतं. रात्रपाळीला मी कुणाला वळवू?

फरक होता तो पैशांचा. हवाई दलात मी लाखोंची खोकी या विमानातून काढून त्या विमानात बसवली, पण कशाची किंमत काय हे मला कुणी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मागणीचा कागद भरायचा, स्टोअरमधून वस्तू यायची, नाहीतर यायची नाही. इथं वस्तूच्या आधी कोटेशन येतं. एक नव्हे, तीन. तीनशे रुपयांच्या वायरला तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, आणि त्याखाली 'सर्वांत कमी दर' अशी टीप. पहिल्यांदा मला हा विनोद वाटला. हिशेबनीस गंभीर होते. मग घरी जाऊन बायकोला विचारलं.

बायकोचं या सगळ्यात एक स्थान आहे. मी बदल्यांवर हिंडत असताना तिनं पुण्यात घर केलं, मुलाची शाळा पाहिली, प्लंबरशी भांडली, सोसायटीच्या सभेत पार्किंगची जागा मिळवली. सिव्हिलमध्ये ती मला वीस वर्षांनी सीनियर. मी कोटेशनचं सांगितल्यावर म्हणाली, "अहो, भाजी घेतानाही तीन गाड्या फिरते मी. तुम्हाला हे इतके दिवस कुणी शिकवलं नाही?" मी गॅलरीच्या भिंतीवर शॅडो बोर्ड रंगवायला घेतला, तेव्हा मात्र तिनं सीनियरपणा दाखवला. अर्ध्या पक्कडीवर काम थांबलं आहे. पाहुणे विचारतात, हे कुणाचं चित्र आहे?

तर ईसीजीची गोष्ट. पहिल्या मजल्यावरच्या ओपीडीत एका मशीनचा आलेख जाड यायचा. हृदयाची ती ओळखीची टोकं होती, पण रेषेला सगळीकडून केस फुटल्यासारखी बारीक लव. कंपनीचा माणूस येऊन लीड बदलून गेला होता. सिस्टरनी जेल जास्त लावून पाहिलं होतं. डॉक्टरांनी फिल्टर चालू करायला सांगितलं होतं, त्यानं लव गेली, पण डॉक्टरांच्या मते आलेखातलं थोडं कामाचंही गेलं. पेशंट म्हणे हलतात. पेशंट हलतात हे रुग्णालयात सगळ्यांना मान्य असलेलं कारण आहे.

मी कागद घेऊन भिंग लावलं. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. त्यावर एक मिलिमीटरचे चौकोन असतात. मोजलं तर प्रत्येक चौकोनात दोन लाटा, अगदी शिस्तीत. २५ गुणिले २, म्हणजे सेकंदाला ५०. पेशंट कितीही थरथरला तरी महावितरणच्या तालावर थरथरत नाही. ही भिंतीतली वीज होती.

विमानात आम्ही बॉन्डिंग मोजायचो. विमानाचा प्रत्येक धातूचा भाग दुसऱ्याशी नीट जोडलेला आहे की नाही, रोध मिलिओहममध्ये मोजून. त्या सवयीनं मी मशीनच्या मागे वाकलो. प्लग तीन पिनांचा, उत्तम. तो एका एक्स्टेन्शन बोर्डमध्ये, त्यालाही तीन छिद्रं, उत्तम. बोर्डची वायर हातात घेतली आणि ती बोटांना जरा सडपातळ लागली. उघडून पाहिलं. आत दोनच तारा. अर्थिंगचं तिसरं छिद्र होतं, त्यात पिन जात होती, पिनेला पितळही लागत होतं, आणि तिथून पुढे काही नव्हतं. ते छिद्र शोभेचं होतं. कुणीतरी कधीतरी बाहेरून 'सर्वांत कमी दर' आणलेला बोर्ड.

बोर्ड बदलला, आलेख धुतल्यासारखा स्वच्छ आला. मी खूश होतो, पण खुशीचं कारण सिस्टरना समजावता येईना. ५० ची दुप्पट १००, त्याची २००, त्याची ४००. म्हणजे घरची वीज आणि विमानातली वीज यांत बरोब्बर तीन सप्तकांचं अंतर. सूर तोच. तिकडे जी गुणगुण मी वीस वर्षं ऐकली होती, तीच इथं तीन सप्तकं खाली उतरून एका म्हाताऱ्या बाईच्या हृदयाच्या आलेखात येऊन बसली होती, आणि मी तिला ओळखलं. सिस्टर म्हणाल्या, "काका, पुढचा पेशंट घेऊ ना?"

मग सहीचा प्रश्न आला. काम झालं की सही करायची, हे माझ्या हाताला माहीत आहे. मी एक छोटी चिठ्ठी छापून घेतली: तपासले, तारीख, सही. मशीनवर चिकटवली. दुसऱ्या दिवशी प्रशासनातल्या एका साहेबांनी बोलावलं. "सही कशाला केलीत?" म्हटलं, "तपासलं म्हणून." ते म्हणाले, "अहो, उद्या काही झालं तर?" म्हटलं, "म्हणूनच." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. ते मला वेडा समजत होते, आणि मी त्यांना. त्यांच्या बाजूनेही बघता येतं. त्यांच्या आयुष्यात सही ही संकटाची सुरुवात असते. कागदावर नाव आलं की चौकशीत नाव येतं. म्हणून ते कुठल्याही कागदावर 'पाहिले' एवढंच लिहितात, आणि तेही पेन्सिलीनं. माझ्या आयुष्यात सही नसलेलं यंत्र म्हणजे न उडणारं यंत्र. चिठ्ठ्या राहिल्या, कारण काढायच्या तर त्याच्या आदेशावर कुणीतरी सही करायला हवी होती. आता सिस्टर चिठ्ठी नसलेला पंप घेत नाहीत. पाण्याच्या कूलरवरही एक लावा म्हणून मागे लागल्या आहेत.

रात्री मी थोडंफार वाचतो, आणि या वाचनात मला आमच्याच जातीची माणसं सापडली. बर्नार्ड लव्हेल हे इंग्रज गृहस्थ महायुद्धात बॉम्बफेकी विमानांसाठी एच-टू-एस नावाचं रडार बनवणाऱ्यांत होते. युद्ध संपलं, मँचेस्टरच्या विद्यापीठात परतले, लष्कराकडून उरलेली रडारची सामग्री मिळवली आणि आभाळातल्या लहरी ऐकायला बसले. ऐकू काय यावं? रस्त्यावरच्या विजेच्या ट्रामचा खडखडाट! माझ्या ईसीजीत जे भूत शिरलं होतं त्याचाच हा विलायती भाऊबंद. लव्हेलना एक्स्टेन्शन बोर्ड बदलून भागलं नाही. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी सगळं सामान गावाबाहेर जॉड्रेल बँकला नेलं, जिथं विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची जमीन होती. तिथंच पुढे ७६ मीटर व्यासाची दुर्बीण उभी राहिली, १९५७ साली. ती प्रचंड तबकडी वरखाली करायला दातेरी चाकं हवी होती. ती त्यांनी मोडीत काढलेल्या युद्धनौकांच्या तोफांच्या बुरुजांतली घेतली. तोफ वळवणारी चाकं तारे बघायला वळू लागली. कोटेशनं किती मागवली होती ते कुठे लिहिलेलं नाही.

मार्टिन राइल आणि अँटनी ह्यूइश हेही युद्धात विमानांतल्या रडारविरोधी उपकरणांवर काम करत होते. दोघांना १९७४ चं नोबेल मिळालं, रेडिओ खगोलशास्त्रातल्या कामासाठी. अ‍ॅलन हॉजकिन रात्रीच्या लढाऊ विमानांच्या रडारवर होते. ते परत जाऊन मज्जातंतूतून वीज कशी धावते ते मोजत बसले, आणि १९६३ चं नोबेल घेऊन आले. हॉजकिन मला जवळचे वाटतात. विमान सोडून माणसाच्या अंगातल्या विजेकडे गेले, म्हणजे आमचा विभाग एकच.

आपल्याकडेही हा धागा आला आहे, आणि तोही कल्याणला. ऑस्ट्रेलियातली जी प्रयोगशाळा रडारसाठी उभी राहिली होती, तिनं युद्धानंतर सूर्याकडे तोंड फिरवलं. तिथल्या बत्तीस छोट्या तबकड्या, प्रत्येकी १.८ मीटरच्या, गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नाने भारतात आल्या आणि १९६५ साली कल्याणला सूर्याचा अभ्यास करू लागल्या. पुढे स्वरूप यांनीच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली, ४५ मीटरच्या तीस तबकड्या. नकाशावर पाहिलं तर मजा वाटते. पुणे-नाशिक रस्त्याच्या या टोकाला लोहगाव, त्या टोकाला ओझर, जिथं मिग बांधली गेली आणि सुखोई बांधल्या गेल्या, आणि मधे नारायणगावजवळ खोडद. राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथं सगळ्यांना आत सोडतात. मी गेलो होतो. बाकीचे तबकड्यांकडे बघत होते, मी खाली वाकून केबलची टोकं कशी बांधली आहेत ते बघत होतो. एका स्वयंसेवक मुलीनं विचारलं, "आजोबा, काही पडलं का?" आजोबा! अडतिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचा एवढा एक तोटा आहे, की पुढचे टप्पेही लोक लवकर देऊन टाकतात.

परवा धानोरीतल्या आमच्याच गल्लीतला एक मुलगा भेटायला आला. हवाई दलात अग्निवीर आहे, सुट्टीवर आला होता. २०२२ पासून भरतीची ही नवी रीत आहे. चार वर्षं, आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे घेतात. आम्ही वीस वर्षांनी जो प्रश्न घेऊन बाहेर पडलो, तो याच्यापुढे मिसरूड फुटता फुटताच उभा आहे. चार वर्षांत शॅडो बोर्ड हाताला लागतो की नाही, याची मला काळजी वाटते. मी ती बोलून दाखवली नाही. बायकोने पोहे केले होते, ते खात मी त्याला बी-टूचं सांगितलं, रुग्णालयाचं सांगितलं, परीक्षा आताच सुरू कर म्हणालो. तो ऐकत होता, पण त्याचे प्रश्न निराळे होते. सुरुवातीला पगार किती देतात? पाच वर्षांनी किती होतो? कोर्सचा खर्च किती आणि तो किती दिवसांत वसूल होतो? मी त्याच्या वयात यातला एकही प्रश्न कुणाला विचारला नव्हता. मला किमतीच माहीत नव्हत्या.

निघताना मी त्याला माझा नवा मल्टिमीटर दाखवला. चांगला आहे, बीप स्वच्छ वाजते, लीड जाडजूड आहेत, रुग्णालयासाठी रीतसर तीन कोटेशनं मागवून घेतलेला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, मागचा मॉडेल नंबर वाचला, खिशातून फोन काढून काहीतरी टाइप केलं, आणि पोह्यांची बशी आत ठेवायला जाता जाता म्हणाला, "काका, चारशे रुपये जास्त गेले तुमचे."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "याला उद्या परत बोलवा हो."